गोणीच्या पलीकडचे नत्र

फुलोऱ्याच्या सुमारास सोयाबीनचे एक झाड मुळांसकट अलगद खणून काढावे आणि मुळांवरची गाठ नखाने फोडावी. आतून ती गुलाबी निघाली तर कामात आहे. हिरवट किंवा पांढरी असेल तर नाही. हा गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा. हवेतले नत्र पकडणारे गाठीतल्या जिवाणूंचे विकर प्राणवायूने निकामी होते, म्हणून हे द्रव्य गाठीतला मोकळा प्राणवायू बेताचा ठेवते. या रायझोबियम जिवाणूंना झाड साखर देते आणि बदल्यात नत्र घेते. हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ मध्ये हे जगापुढे मांडले. तरीही आपली सगळी धोरणे युरियाच्या गोणीभोवतीच फिरतात. सरकारी अनुदानामुळे ४५ किलोची गोणी पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते आणि ती कडधान्यांच्या, सोयाबीनच्या शेतातही सढळ हाताने पडते. जमिनीत नत्र भरपूर असले की झाड गाठीच कमी धरते. म्हणजे फुकट मिळणारे नत्र आपण पैसे मोजून बंद पाडतो.

युरियाशिवाय शेती होईल का, असे कोणी विचारेल. ऊस, कापूस, गहू यांच्या मुळांवर अशा गाठी येत नाहीत. त्यांना नत्र द्यावेच लागेल, आणि युरिया बंद करा असे माझे म्हणणेही नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : बियाण्याला चोळायची जिवाणू संवर्धकाची पाकिटे वापरली, पण फरक पडला नाही. हा अनुभव खोटा नाही. पाकिटातला माल जिवंत असतो; पत्र्याच्या दुकानात एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तो मरतो. बुरशीनाशकात कालवला किंवा चोळलेले बियाणे उन्हात वाळवले, तरी तेच होते. शिवाय वर्षानुवर्षे सोयाबीन घेतलेल्या जमिनीत हे जिवाणू आधीच असतील, तर फरक थोडाच दिसणार. पण यातून तंत्र फसवे ठरत नाही. ब्राझीलमध्ये योहाना डोबेराइनर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी या जिवाणूंवर भर दिला. आज तिथले अफाट सोयाबीन जवळपास नत्रखताविना पिकते. तिथे संवर्धक हा पेरणीचाच भाग आहे, आपल्याकडे तो योजनेत वाटायची वस्तू झाला आहे.

आपल्याकडे नियम नाहीत असेही नाही. भुकटीतल्या संवर्धकाच्या एका ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत जिवाणू हवेत, असे खत नियंत्रण आदेश सांगतो. कृषी खात्याने खरिपाच्या तोंडावर दुकानांतली पाकिटे उचलून तपासावीत आणि निकाल पेरणीआधी, उत्पादकाच्या नावासह, तालुकानिहाय जाहीर करावेत.