झोपेचे सोंग आणि कायदा

यंत्र बिघडते यात नवल नाही. बिघाड कळूनही तोंड न उघडणे हा खरा अपराध होय. अमेरिकेतील डेव्हिस-बेसी अणुवीजकेंद्रात 24 सप्टेंबर 1977 रोजी दाब सोडणारी झडप उघडीच अडकली. फसव्या पाणीपातळीवर विसंबून चालकांनी आपत्कालीन पाणी कमी केले. केंद्र अल्प शक्तीवर चालत होते म्हणून अनर्थ टळला. अणुभट्टी बनविणाऱ्या कंपनीतील अभियंत्याने 1978 मध्ये लेखी इशारा दिला. तो दप्तरातच घोळत राहिला. 28 मार्च 1979 रोजी थ्री माइल आयलंड येथे, त्याच कंपनीच्या अणुभट्टीत, तेच घडले आणि गाभ्याचा मोठा भाग वितळला.

कायदा नव्हता काय? होता! 1974 च्या अधिनियमाच्या कलम 206 ने दोष कळविण्याचे दायित्व संचालकांवर व्यक्तिशः टाकले होते. परंतु दंड मात्र जाणूनबुजून न कळविणाऱ्यासच! अज्ञानाला असे अभय मिळाल्यावर चौकशीची उठाठेव कोण करील? दोषाची छाननी 60 दिवसांत करण्याचा नियम आला तो 1991 मध्ये, अपघातानंतर बारा वर्षांनी.

आमचे म्हणणे इतकेच: इशारा दाराशी आला असता डोळे मिटणे, हेही जाणूनबुजूनच समजावे. झोपेचे सोंग घेणाऱ्यास कायद्याने निद्रिस्त मानू नये.