सरकारने घर हलवले, लायसन्सवरचा पत्ता कोण हलवणार?

आरे कॉलनीला स्वतःचा पिनकोड आहे, ४०००६५. गोरेगाव पूर्वेचा ४०००६३ वेगळा, मरोळचा ४०००५९ वेगळा. १९४९ मध्ये सुरू झालेल्या दुग्ध वसाहतीचे उद्घाटन मार्च १९५१ मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते झाले. म्हशींसाठी तबेल्यांची ३२ युनिटे उभी राहिली आणि पुढे माणसांचे पत्तेही त्याच आकड्यांवरून लिहिले जाऊ लागले. आजही आरेतल्या कित्येकांच्या आधारवर, मतदार ओळखपत्रावर आणि लायसन्सवर ‘युनिट क्रमांक अमुक’ असेच छापलेले असते. पाड्यांवर पाड्याचे नाव, त्यानंतर थेट पिनकोड. मधे गल्ली नाही, घर क्रमांक असला तर असला.

या पत्त्यावरून माणूस हलला, की लायसन्सचे काय करायचे? आरेत हा प्रश्न वरचेवर पडतो. कोणी मरोळला भाड्याने जातो, कोणी लग्नानंतर गोरेगावला. काहींना सरकारनेच हलवले आहे. मेट्रो ३ च्या कारशेडसाठी प्रजापूरपाड्यातली आदिवासी कुटुंबे हलवली गेली आणि अनेकांना चकाल्याच्या झोपु इमारतीत सदनिका मिळाल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरेपासून बीकेसीपर्यंत मेट्रो धावू लागली. रिक्षा किंवा टेम्पो चालवणाऱ्याच्या खिशातले लायसन्स मात्र आपोआप नव्या पत्त्यावर येत नाही.

‘३० दिवसांत बदला’ हे खरे का?

व्हॉट्सॲपवर फिरणारी ३० दिवसांची मुदत कायद्यात आहे, पण ती वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रासाठी, म्हणजे आरसी बुकासाठी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४९ नुसार मालकाने घर बदलले, की ३० दिवसांत नवा पत्ता कळवायचा असतो. लोक हा नियम सरसकट लायसन्सलाही लावतात आणि एजंट ती भीती वापरून घेतात. जुना पत्ता असलेले लायसन्स त्या कारणाने रद्द होत नाही. मुदत शिल्लक असेल, तर तुम्ही कायदेशीर चालक आहात. स्वतःची रिक्षा किंवा दुचाकी असेल, तर आधी आरसीचा पत्ता बदला, लायसन्स त्यानंतर केले तरी चालेल.

म्हणून लायसन्स तसेच पडू द्यावे, असे मात्र नाही. कलम १९ खाली परवाना प्राधिकरण चालकाला अपात्र ठरवू शकते. त्याआधी त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची संधी द्यावी लागते, आणि ती संधी देणारी नोटीस नोंदीतल्या पत्त्यावर जाते. नोटीस पाड्यावर गेली, पाडा आता तिथे नाही, माणूस चकाल्यात. सुनावणीची तारीख निघून जाते आणि आपले लायसन्स निलंबित झाल्याचे त्याला पुढच्या नाकाबंदीत कळते. रोजची कमाई चाकांवर असलेल्यासाठी ही गोष्ट लहान नाही. रिक्षा-टॅक्सीच्या बॅजसाठी पोलीस पडताळणी होते, तिथेही पत्त्यावरूनच पोलीस ठाणे ठरते. आरे पोलीस ठाण्याचा माणूस जुन्या जागी जाऊन ‘येथे राहत नाही’ असा शेरा मारून आला, तर पुढचे सगळे अडते.

लायसन्सची मुदतही लांबलचक असते. २०१९ च्या दुरुस्तीआधी खासगी वाहनाचे लायसन्स २० वर्षे किंवा वयाची पन्नाशी, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत चालत असे. आता तिशीच्या आत लायसन्स काढणाऱ्याला ते चाळिशीपर्यंत मिळते, आणि तीस ते पन्नास वयात १० वर्षांचे. एवढ्या काळात मुंबईत भाड्याने राहणारा माणूस किती घरे बदलतो, ते ११ महिन्यांच्या करारांवरून मोजून पाहा.

फोनवर होते, पण आधारच्या पत्त्यानेच

महाराष्ट्रात पत्ताबदल ‘फेसलेस’ झाला आहे. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर राज्य निवडायचे, लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख टाकायची, पत्ताबदलाची सेवा निवडायची, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी द्यायचा आणि शुल्क भरायचे. केंद्रीय नियमांत पत्ताबदलाचे शुल्क २०० रुपये आहे. स्मार्ट कार्डाचे आणि टपालाचे पैसे वेगळे. आरटीओत जावे लागत नाही, लायसन्स क्रमांकही तोच राहतो. जुने वहीसारखे लायसन्स असेल आणि त्याची नोंद सारथीत नसेल, तर मात्र ती नोंद आधी करून घ्यावी लागते. त्याला कार्यालयात ‘बॅकलॉग’ म्हणतात.

सोय चांगली आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. अडचण एका जागी आहे. फेसलेसमध्ये पत्ता तुम्ही लिहीत नाही, तो आधारमधून उचलला जातो. म्हणजे लायसन्सचा पत्ता बदलायचा, तर आधी आधारचा बदलायचा. आधारचा बदलायचा, तर नव्या जागेचा पुरावा हवा. घरमालक नोंदणीकृत करार करून देत नसेल, तर गाडी तिथेच थांबते. २०२३ पासून आधारमध्ये कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलण्याची वाट उघडली आहे. आई-वडील, नवरा-बायको यांच्यापैकी कोणाच्या आधारवर नवा पत्ता असेल, तर त्याने ३० दिवसांच्या आत ऑनलाइन होकार द्यायचा. सुनेला, कॉलेजात जाणाऱ्या मुलाला ही वाट उपयोगाची आहे. सगळे घरच नव्या जागी आले असेल, तर पहिला माणूस कोण, हा प्रश्न उरतोच.

आरेतली माणसे आधारचा पत्ता बदलायला कचरतात, याला लोक अज्ञान म्हणतात. मला ते पटत नाही. या शहरात पत्त्याच्या कागदावर घर मिळते किंवा जाते. झोपडपट्टी पुनर्वसनात १ जानेवारी १९९५ ही तारीख वर्षानुवर्षे कळीची होती, नंतर ती १ जानेवारी २००० झाली. शेजारच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून १९९७ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ज्यांना हलवायचे ठरले, त्यांच्यातही जुना पुरावा असलेल्यांनाच चांदिवलीच्या घरांचा मार्ग होता. ज्यांच्या नात्यात, शेजारात हे घडले आहे, ती माणसे जुन्या पत्त्याचा कागद पिशवीत घालून पत्र्याखाली जपून ठेवतात. पात्रता ठरवताना जुना पुरावा पाहतात आणि आज तिथे कोण राहते तेही पाहतात. त्यामुळे ‘कामासाठी दोन वर्षे मरोळला खोली घेतली, आधार तिकडचे केले, उद्या पाड्याची मोजणी झाली तर?’ हा प्रश्न वेडगळ नाही. आरेची जमीन दुग्धव्यवसाय विकास खात्याकडे, काही भाग वनखात्याकडे, काही इतर संस्थांकडे. उद्या कोण मोजायला येईल, ते पाड्यावर कोणी सांगू शकत नाही.

लायसन्सवरचा पत्ता बदलण्याची किंमत घरावरचा हक्क डळमळण्याच्या भीतीत मोजावी लागू नये. त्यासाठी नवा कायदाही नको. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ४ पाहा. त्यात पत्त्याचा पुरावा म्हणून मतदारयादी, पासपोर्ट, आयुर्विम्याची पॉलिसी, सरकारी नोकराची वेतनचिठ्ठी असे बरेच कागद आहेत. यांतले काहीच देता येत नसेल आणि कारण पुरेसे असेल, तर कार्यकारी दंडाधिकारी, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी किंवा नोटरीसमोर केलेले शपथपत्र प्राधिकरण स्वीकारू शकते. ‘स्वीकारू शकते’ या शब्दांतच सारी गोम आहे. खिडकीवरचा कर्मचारी म्हणतो, ‘आधार अपडेट करून या.’ नियमातली वाट तशीच राहते आणि अर्जदार दारातल्या एजंटकडे वळतो. अर्जात कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता असे दोन वेगळे रकाने असतात, हेही बहुतेकांना कोणी सांगत नाही. पाडा कायमचा पत्ता म्हणून ठेवून, सध्याचा पत्ता बदलण्यासाठी थेट कार्यालयात अर्ज द्यावा. शपथपत्र नाकारले, तर नकार लेखी मागावा. तोंडी नकाराविरुद्ध कुठेच दाद मागता येत नाही.

हलवणाऱ्याचे काम चावीवर संपते का?

प्रकल्पासाठी कुटुंब हलवले जाते, तेव्हा त्या कुटुंबाचा नवा पत्ता सर्वांत आधी सरकारलाच माहीत असतो. इमारत, मजला, सदनिका क्रमांक, ताबापत्राची तारीख, सगळे यंत्रणेच्या हाती असते. तरी चावी दिली की काम संपले असे धरले जाते. आधार, मतदारयादी, रेशन कार्ड, बँक, लायसन्स, आरसी यांच्या खेपा त्या माणसाने दिवस मोडून घालायच्या. ज्याने हलवले त्याला पुरावा मागायचा अधिकार आणि जो हलला त्याला पुरावा गोळा करायची शिक्षा, असा हा उलटा व्यवहार आहे.

सरकारने परस्पर सगळ्यांचे पत्ते बदलून टाकावेत, असे मी म्हणत नाही. ते धोक्याचे होईल. एका चुकीच्या यादीने शंभर जणांचे कागद बिघडतील, आणि पत्ता कोणत्या कागदावर कोणता ठेवायचा हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याचा आहे. पण ताबा देतानाच त्या इमारतीखाली दोन दिवसांचे शिबिर लावता येते. आधारचे यंत्र, मतदार नोंदणीचा कर्मचारी, आरटीओचा निरीक्षक एका मांडवात. ताबापत्र हाच पुरावा. ज्याला बदलायचे तो बदलेल, नको असेल तो घरी जाईल. आरटीओला हे नवे नाही. ग्रामीण महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी आरटीओचे शिबिर दौरे वर्षानुवर्षे होत आले आहेत, लायसन्सच्या चाचण्या आणि वाहन तपासणी तिथेच होते. डहाणू-जव्हारच्या माणसाला जी सोय मिळू शकते, ती मुंबईच्या पोटातल्या पाड्याला का नको? ‘मुंबईत आरटीओ जवळच आहे’ हे उत्तर मिळेल. आरेच्या आतल्या पाड्यावरून दिनकरराव देसाई मार्गावर यायलाच किती चालावे लागते, ते उत्तर देणाऱ्याने एकदा चालून पाहावे, शक्यतो पावसाळ्यात.

खर्चाचा मुद्दा काढला जाईल. हजारो कोटींच्या मेट्रोच्या हिशेबात दोन दिवसांच्या मांडवाचा खर्च शोधावाच लागेल.

अर्ज भरण्याआधी

कार्ड स्पीड पोस्टाने येते. पत्ता अर्धवट असेल किंवा घराला कुलूप असेल, तर ते आरटीओकडे परत जाते आणि घरबसल्या केलेल्या कामासाठी शेवटी खेप पडतेच. म्हणून आधारमध्ये पत्ता देतानाच पाड्याचे नाव, युनिट क्रमांक, जवळची खूण आणि ४०००६५ हा पिन नीट घाला. आत राहून ४०००६३ लिहिणारे बरेच आहेत. झोपु इमारतीत विंग आणि मजला विसरू नका. कार्ड येईपर्यंत डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधले लायसन्स दाखवा. २०१८ च्या नियमदुरुस्तीनंतर ते पोलिसांना मान्य करावे लागते. अर्ज मुदतीत निकाली निघाला नाही, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अपील करता येते. अर्ज क्रमांकाचा स्क्रीनशॉट त्यासाठी जपून ठेवा.

जुन्या पत्त्याचे लायसन्स परत देण्याआधी त्याची दोन्ही बाजूंची प्रत काढून ठेवा, आरेतल्यांनी तर नक्कीच. आणि ‘आरटीओ चलन’ किंवा ‘पत्ता अपडेट’ अशा नावाची एपीके फाइल व्हॉट्सॲपवर आली, तर ती उघडू नका. परिवहन खाते अशी फाइल पाठवत नाही. खऱ्या पोर्टलच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असते, तेवढे वाचूनच ओटीपी द्या.