शके 1820चे संगणकीकरण

जुन्या ग्रंथालयाच्या वर्धापनदिनी हमखास टाळ्या घेणारी घोषणा कोणती? 'आपला संग्रह लवकरच ऑनलाइन!' मग एखादा देणगीदार स्कॅनर देतो आणि त्याच्या नावाची पाटी लागते. तालिकेतल्या नोंदीवर पाटी लावायची सोय नसल्यामुळे तिला देणगीदार मिळत नाही. पाने धडाधड स्कॅन होतात. ती कोणत्या पुस्तकाची, हे सांगणारी नोंद 'पुढच्या टप्प्यात' जाते.

पुण्यात हा प्रश्न लहान नाही. भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली त्याच 1848 साली 'पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी' सुरू झाली. तेच आजचे पुणे नगर वाचन मंदिर. पुढे 1910 मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ आले, 1917 मध्ये भांडारकर संस्था. गोखले संस्था, डेक्कन कॉलेज, विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय यांचे संग्रह वेगळेच. एवढी संपत्ती एका शहरात असूनही एखादे दुर्मिळ मराठी पुस्तक यांपैकी नेमके कुठे आहे, हे जाणण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग अजून एखाद्या जुन्या ग्रंथपालाला विचारणे हाच आहे. तो निवृत्त झाला की तालिकाही निवृत्त होते.

यंत्राची सबब आता चालणार नाही. ग्रंथालयांसाठीची 'कोहा' ही आज्ञावली न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयासाठी तयार झाली आणि 2000 सालापासून जगभर फुकट वापरता येते. भारतीय लिप्या संगणकावर आणण्यात मोठा वाटा असलेली सी-डॅक तर 1988 पासून याच शहरात आहे. अडते ते नोंदीच्या मजकुरावर.

राजवाड्यांचे 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' घ्या. आख्यापत्रावर अनुस्वार आहेत. साहित्य महामंडळाच्या 1962च्या नियमांनी ते काढून टाकले, म्हणून आजचा विद्यार्थी 'साधने' असे टंकतो. अक्षराला अक्षर जुळवणारा संगणक 'एकही नोंद सापडली नाही' असे बजावतो आणि पुस्तक मात्र दोन हातांवरच्या कपाटात असते. एखाद्या उत्साही कर्मचाऱ्याने नोंद करतानाच अनुस्वार 'दुरुस्त' केले, तर मूळ नाव माहीत असलेला अभ्यासक हात हलवत परत जातो. दोन्ही रूपे नोंदवणे हाच उपाय, पण त्यासाठी दोन रूपे असतात हे ठाऊक हवे. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्ष्यांत कोण घेतो'ची अडचण तर दुहेरी आहे, यकाराची आणि अनुस्वाराची. शीर्षकाने आधीच सांगून ठेवले होते म्हणायचे.

सालांची गंमत वेगळी. आख्यापत्रावर शके 1820 असेल, तर ते इसवी सन 1898. प्रकाशनवर्षाच्या चौकटीत 1820 भरले की पुस्तक पेशवाई बुडाल्यावर दोनच वर्षांनी छापलेले ठरते आणि 'सर्वांत जुने ग्रंथ' या यादीत दिमाखात वर जाऊन बसते. संगणक हरकत घेत नाही. टोपणनावांचेही तेच. लाकडी तालिकापेटीत 'गोविंदाग्रज – पाहा: गडकरी, राम गणेश' असे एक कार्ड असे. त्यावर पुस्तकाचा दाखल अंक नसतो, त्यामुळे पेटीतली कार्डे संगणकात चढवताना पहिली गळतात ती हीच. मग कवी गोविंदाग्रज, विनोदी लेखक बाळकराम आणि नाटककार गडकरी ही पडद्यावर तीन अनोळखी माणसे होतात.

असे काम नोंदीमागे ठरावीक रुपये या दराने ठेक्यावर दिले, की टंकणारा शके-सन पाहत बसत नाही. त्याचा दोष नाही. त्याला वेगाचे पैसे मिळतात.

संगणक नव्हता तेव्हा शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची सिद्ध करून 1943 मध्ये प्रसिद्ध केली. 1938 ते 1950 या वर्षांचा पुढचा खंड 1961 मध्ये आला. मराठी पुस्तकाचा माग काढणारा आजही आधी 'दाते सूची' उघडतो. पुण्यातल्या ग्रंथालयांनी निदान ती पायाला धरून एकच सामाईक तालिका करायला हवी होती. एका पुस्तकाची नोंद एकदाच नीट झाली असती आणि बाकीच्यांनी खाली फक्त आपले नाव आणि दाखल अंक जोडला असता. पण सामाईक तालिकेचे उद्घाटन कोणाच्या सभागृहात करायचे, हा प्रश्न आपल्याकडे अनुस्वारापेक्षा अवघड.

तोवर एक सुचवतो. वर्तमानपत्रांतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तांबड्या शाईने अधोरेखित करून संपादकांना पाठवणारे निवृत्त शिक्षक आणि मुद्रितशोधक या शहरात कमी नाहीत. त्यांनी आठवड्यातले दोन तास आपल्या पेठेतल्या ग्रंथालयाला द्यावेत आणि झालेल्या नोंदी आख्यापत्राशी ताडून पाहाव्यात. ग्रंथालयांनीही त्यांना आत घ्यावे. चहा विचारला नाही तरी चालेल, पुणेकर ते मनावर घेणार नाहीत.