तुळशीचं लग्न लागण्याआधी

तुळशीचं लग्न लागलं की घरोघरी स्थळांच्या याद्या निघतील. ‘आता तुझं काही ऐकणार नाही’ असं लेकराला बजावून बसलेल्या आईबाबांना कळकळीची विनंती: या वर्षी ऐकाच. तुमचा मुलगा किंवा मुलगी समलिंगी असू शकते.

‘लग्न झालं की होईल सगळं नीट’ हे आम्ही समुपदेशक नेहमी ऐकतो. होत नाही. उलट आणखी एक आयुष्य नासतं, ज्याचा यात काडीचाही दोष नाही. मुलीच्या बाबतीत तर ‘मैत्रिणीचं खूळ आहे, जाईल’ म्हणून अधिकच घाई होते.

समलिंगी असणं हा आजार नाही. १९५७ साली अमेरिकेत एव्हलिन हूकर यांनी ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुषांच्या मानसिक चाचण्या, कोण कोणता हे न सांगता, तज्ज्ञांपुढे ठेवल्या. तज्ज्ञांना ओळखता आलं नाही. १९७३ मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्याकडेही ‘बदलून देतो’ म्हणणारा डॉक्टर २०२२ पासून व्यावसायिक गैरवर्तनाचा दोषी ठरतो. बुवांना तेवढं कुणी विचारत नाही.

मग समलिंगी माणसांबद्दलची किळस टिकते कशी? गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये मांडलं होतं, की बरोबरीच्या नात्यानं सहवास घडला की पूर्वग्रह सैल होतो. पण इथे सहवास असतो, फक्त तो कळत नाही. टीव्हीवर कुणी लचकत चालून दाखवतो. बाबा खदखदून हसतात, वर एक शेलका शब्द टाकतात. सोफ्याच्या कडेला बसलेला मुलगाही हसतो, जरा जास्तच मोठ्यानं, आणि मोबाइल पालथा ठेवतो. बाबांची खात्री पटते: आपल्या घरात असलं काही नाही. बाबांच्या हसण्यानंच मुलाचं तोंड शिवलेलं असतं, हे त्यांच्या गावीही नसतं.

तेव्हा आज एवढं करा. तो विनोद आला की हसू नका. ‘यात हसण्यासारखं काय आहे?’ एवढंच म्हणा, मुलाला ऐकू जाईल असं. तो काही बोललाच तर आधी जेवायला वाढा. तुमचाच जीव घाबरा झाला तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर बोला, फुकट आहे. आणि रविवारी बघण्याचा कार्यक्रम ठरला असेल, तर आजच फोन करून पुढे ढकला.