वाटेवरची रत्नागिरी



गणपतीपुळ्याला गेलेली आपली मंडळी दर्शन आटोपताच एस.टी. गाठतात. तसे न करता एक दिवस रत्नागिरीला मुक्काम करावा. रब्बीची रास घरात आल्यावर सवड काढावी आणि घरधनिणीला अवश्य बरोबर न्यावे. वर्षभर चूल आणि गोठा सोडून तिचे पाऊल बाहेर पडत नाही.

लोकमान्यांचे जन्मस्थान पाहावे. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी इथेच कैदेत ठेवले. तो १९१६ साली इथेच वारला. त्याचा राजवाडा मुलांना दाखवावा. भाट्ये येथे समुद्र आहे, तसेच कोकण कृषि विद्यापीठाचे नारळ संशोधन केंद्रही आहे.

एक गोष्ट मात्र विहिरीत डोकावून पाहावी. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आपल्या बीडला त्याच्या पाव हिस्साही नाही. तरी चैत्र-वैशाखात इथल्या कित्येक वाड्या पाण्यासाठी वणवण करतात. जांभ्या कातळाचा उतार, पाणी थेट समुद्राला जाते. पाऊस किती पडला यापेक्षा शिवारात किती मुरला, हे महत्त्वाचे. परत आल्यावर मृगाआधी बांधांची डागडुजी करा. सहलीचा खर्च तेवढ्यात वसूल होईल.