घरात बसवलेल्या पोरांचे काय?



आपल्या शेतकी खात्याला प्रत्येक सभासदाच्या उसाची पुरी माहिती असते. आडसाली किती, पूर्वहंगामी किती, खोडवा कितवा, लागण कोणत्या तारखेची, सगळे नोंदवहीत आहे. चिटबॉयला विचारा, तोंडपाठ सांगेल. पण त्याच सभासदाच्या घरात ऐकू न येणारं, दृष्टी नसलेलं किंवा बुद्धीची वाढ हळू असलेलं पोरगं किती वर्षे ओसरीवर बसून आहे, याची नोंद आपल्याकडे नाही. पुष्कळदा घरचेही पाहुण्यांसमोर त्याचे नाव काढत नाहीत. या वेळी ऊस बाजूला ठेवून आम्ही या मुलांविषयी लिहीत आहोत.

आपल्यापैकी बरेचजण सहलीच्या गाडीने चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याला जाऊन आनंदवन पाहून आले आहेत. बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली, आणि पुढे सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर खडकाळ जमिनीत काम सुरू झाले, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. त्या माणसांनी विहिरी खोदल्या, शेती पिकवली. एवढ्यावर ते थांबले नाहीत. गावाने ज्यांना वेशीबाहेर काढले होते, त्यांनी त्याच समाजाच्या धडधाकट पोरांसाठी १९६० च्या दशकात महाविद्यालय उभे केले. अंध मुलांची शाळा काढली, कर्णबधिर मुलांची काढली, अपंगांना हाताला काम शिकवणारे संधिनिकेतन सुरू केले. बाजूला टाकले जाणे म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आपण तिथे जातो, हातमागाची सतरंजी घेतो, देणगीची पावती खिशात घालतो आणि गाडीत बसतो. देणगी द्यावीच. पण आनंदवन एकच आहे, आणि प्रत्येक तालुक्यातले लेकरू वरोऱ्याला पाठवणे हा काही मार्ग नव्हे. आठ वर्षांच्या पोराला आईपासून शेकडो कोस दूर ठेवायचे, का, तर गावच्या शाळेत त्याला शिकवायला कोणी नाही!

वरोरा निदान रेल्वेवर आहे. गडचिरोलीत आलापल्लीहून जंगलातून साठेक किलोमीटर गेले की हेमलकसा आणि भामरागड लागते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. तिथे १९७३ च्या डिसेंबरात डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्पाचे काम सुरू केले, १९७६ साली आश्रमशाळा निघाली. त्या भागातले माडिया मूल घरी माडिया बोलते. शाळेत गुरुजी मराठीतून बोलतात, ते त्याला कळत नाही, आणि मग मूल ‘ढ’ ठरते. आता त्याच मुलाला खरोखरच कमी ऐकू येत असेल, तर ते कोणाच्या लक्षात येणार? गप्प बसण्याचे कारण भाषा की कान, हे ओळखायला शिकलेला माणूस लागतो. आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी भामरागडहून जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत जायचे म्हणजे बापाची मजुरी बुडते.

तिकडे सिकलसेलही आहे. रक्ताचा हा आजार आईबापाकडून येतो. सांधे ठणकतात, ताप येतो, थंडीत त्रास वाढतो. पोरगं चार दिवस शाळेत येतं, आठ दिवस येत नाही. हजेरीपटावर फक्त गैरहजर एवढेच लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला २१ प्रकारांच्या यादीत घेतले, हे चांगले झाले. १९९५ च्या जुन्या कायद्यात तो नव्हता.

या नव्या कायद्याने ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत, किंवा पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. सरकारी योजनेत मदतनीस भत्ता आहे, प्रवासभत्ता आहे, दहावीला ज्यादा वेळ आणि लेखनिक मिळतो. गटसाधन केंद्रात विशेष शिक्षकही असतात. पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या माणसांनी अख्ख्या तालुक्यात कुठे कुठे फिरायचे? भामरागडला जंगल आणि पूर आडवा येतो. आपल्याकडे डांबरी रस्ते आहेत, एस. टी. आहे, दारात मोटारसायकल आहे. तरी पोरगं ओसरीवरच. याला काय म्हणावे?

काही सभासद म्हणतील, कारखान्याने उसाला दर द्यावा, शाळेचे सरकारने बघावे. दर द्यायलाच हवा, आम्हीही ऊसच पिकवतो. टनामागे नवी कपात कोणी सुचवली तर आम्हीच पहिले उभे राहून विरोध करू. पण शिक्षण निधीची कपात आपल्या बिलातून आजवर होतच आली आहे. त्यातून विद्यालयाची इमारत झाली, कमान झाली, स्नेहसंमेलने झाली. त्याच निधीतून आपल्या विद्यालयात एक प्रशिक्षित विशेष शिक्षक, एक खोली आणि पायऱ्यांशेजारी एक उतार एवढे व्हावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. खर्च कमानीपेक्षा जास्त येणार नाही, इमारतीचा उतार तर गवंड्याचे दोन दिवसांचे काम आहे.

तोडणी कामगारांची मुले यात धरलीच पाहिजेत. दिवाळीनंतर टोळ्या येतात, कोपीत एखादं अपंग लेकरू धाकट्या भावंडाला सांभाळत दिवस काढतं. साखरशाळा काढली तरी त्याला तिथे कोण नेतो? पाच महिने इथे, सात महिने गावाकडे, आणि दोन्ही शाळांना वाटते की ते दुसरीकडे शिकते आहे.

म्हणून आमची मागणी लहान आहे. येत्या ऊसनोंदीच्या वेळी चिटबॉयने फॉर्मवर एक ओळ वाढवावी: घरात शाळेत न जाणारे दिव्यांग मूल आहे काय, वय किती. टोळ्यांच्या मुकादमांकडूनही तेच विचारून घ्यावे. ती यादी गटवार तयार करून वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावी आणि विशेष शिक्षकाच्या नेमणुकीचा विषय अहवालवाचनाआधी घ्यावा, ‘आयत्या वेळचे विषय’ येईपर्यंत मंडप रिकामा झालेला असतो. सभासदांनी मात्र फॉर्म भरताना लाज धरू नये. मुलाचे नाव पूर्ण लिहावे, घरात हाक मारतो ते नव्हे.