पाटीवर ‘लोकभवन’ आलं. पेठ-सुरगाण्याचा प्रश्न मात्र पाचव्या अनुसूचीचा

मुंबईतलं राजभवन आता ‘लोकभवन’ झालंय. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाचं पत्र आलं आणि राज्याराज्यांत पाट्या बदलल्या. मलबार हिलच्या टोकाला, तीन बाजूंनी समुद्र असलेली ही जवळपास ५० एकरांची जागा. २०१६ मध्ये तिथं जमिनीखाली ब्रिटिशकालीन बंकर सापडला, तेव्हा त्याची बातमी गावोगाव पोचली होती. नागपूर, पुणे आणि महाबळेश्वर इथंही राज्यपालांची निवासस्थानं आहेत. सुरगाणा, पेठ, कळवणच्या माणसाचा या वास्तूंशी काय संबंध, असं कुणीही विचारील. संबंध आहे, आणि तो थेट पोटापाण्याचा आहे.

राज्यपाल म्हटलं की आपल्याला आठवतो तो शपथविधी, अधिवेशनातलं अभिभाषण किंवा सरकार पडण्या-बनण्याच्या वेळची धावपळ. एरवी ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानंच चालतात. पण अनुसूचित क्षेत्राची गोष्ट निराळी आहे. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीनुसार संसदेचा किंवा विधिमंडळाचा एखादा कायदा या भागात लागू करायचा नाही, किंवा फेरबदल करून लागू करायचा, असं राज्यपाल एका अधिसूचनेनं ठरवू शकतात. त्यासाठी विधानसभेत विधेयक आणावं लागत नाही. राज्यातल्या १३ जिल्ह्यांत असं क्षेत्र आहे आणि आपला नाशिक त्यातला एक.

हा अधिकार नुसता कागदावर राहिलेला नाही. मे २०२० च्या अधिसूचनेनं वनहक्क कायद्यात बदल झाला. त्यामुळं जिल्हा समितीनं दावा फेटाळला तरी विभागीय समितीकडं अपील करायची वाट खुली झाली. प्लॉटचा दावा नामंजूर झालेल्या कुटुंबाला ही वाट किती मोलाची, ते वेगळं सांगायला नको.

खरी कोंडी झाली ती नोकरभरतीत. ९ जून २०१४ च्या अधिसूचनेनं अनुसूचित क्षेत्रातली काही पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांतूनच भरायचं ठरलं. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, वनरक्षक, कोतवाल असं करत पुढं हे १७ संवर्ग झाले. हेतू साधा होता. पाड्यावरची बोली कळणारा आणि बदलीसाठी तालुक्याबाहेर डोळे न लावणारा माणूस मिळावा.

मग २०२० मध्ये आंध्रच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. तिथं अनुसूचित क्षेत्रातल्या शिक्षकांची शंभर टक्के पदं स्थानिक आदिवासींना राखीव होती. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ते आरक्षण रद्द केलं. राज्यपालांचा अधिकार मूलभूत हक्कांच्या वर नाही, असं न्यायालयानं बजावलं. महाराष्ट्रातही बिगरआदिवासी उमेदवार कोर्टात गेले आणि पेसा भरती अडकली. परीक्षा दिलेली, यादीत नाव आलेली पोरं ताटकळत बसली. नाशिकला आंदोलनं झाली. ४ ऑक्टोबर २०२४ ला तर विधानसभेचे तत्कालीन उपाध्यक्ष, दिंडोरीचे नरहरी झिरवाळ यांनीच मंत्रालयातल्या जाळीवर उडी मारली. सत्तेतल्या माणसावर ही वेळ यावी, यातच काय ते आलं! तोडगा म्हणून सरकारनं मानधनावर नेमणुका देऊ केल्या. मानधनाच्या नेमणुकीला कायम नोकरीची खात्री नसते, हे घरोघरी माहीत आहे.

दोष एकट्या न्यायालयाला देता येणार नाही. अधिसूचना काढताना ती कोर्टात टिकेल का, किती टक्के पदं राखावीत, लोकसंख्येचा आधार काय, हे पक्कं बांधायचं काम आदिवासी विकास विभागाचं आणि राज्यपालांच्या कार्यालयातल्या आदिवासी कक्षाचं.

आणखी एक कलम फारसं कुणाच्या बोलण्यात येत नाही. अनुसूचित क्षेत्राच्या कारभाराचा अहवाल राज्यपालांनी दरवर्षी राष्ट्रपतींकडं पाठवायचा असतो. त्यात आपल्या तालुक्यांतल्या रिकाम्या पदांविषयी काय लिहिलंय, हे ग्रामसभेत वाचून दाखवलेलं कुणी ऐकलंय का?